रवाळ की वस्त्रगाळ? रविवार पेठेतल्या मसूर स्क्रबबद्दल एका पार्लरवालीचं मत

बेळगावच्या वडगावात माझं छोटं ब्युटी पार्लर आहे. फेशियलचा एक बेड, थ्रेडिंगच्या दोन खुर्च्या, स्टीमर आणि हाताखाली एक मुलगी. लग्नसराईत येळ्ळूर, मच्छे, अनगोळकडच्या नवऱ्या मुली येतात, एरवी गल्लीतल्या बायका. फेशियलमध्ये स्क्रबला जेमतेम पाच मिनिटं लागतात. पण पॅक किंवा मसाज क्रीम जरा कमी-जास्त झालं तर गिऱ्हाईक चालवून घेतं, स्क्रब चुकला तर तोंड दोन दिवस लाल राहतं आणि ती बाई परत दारात येत नाही. म्हणून स्क्रब घेताना मी फार चिकित्सा करते. हल्ली कंपनीचे डबे बंद करून रविवार पेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून दळून आणलेला मसुराचा स्क्रब वापरते. तो कसा आहे, कुठं कमी पडतो, आणि डबे का बंद केले, हे बऱ्याच जणी विचारतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दुकानाचं नाव देत नाही, कारण मालकांनाच ते नको आहे. "आहे तेवढं काम उरकंना झालंय, अक्का," म्हणाले. रविवार पेठेत काष्ठौषधी कुठं मिळतात असं कोणालाही विचारा, बोट दाखवतील. आत भिंतभर लाकडी खण आहेत, खणांवर कानडीत आणि मराठीत नावं लिहिलेली: नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, रिठा, शिकेकाई. मालक घरी कानडी बोलतात, गल्ल्यावर समोरच्याची जी भाषा असेल ती. तयार पुडा देत नाहीत. मागच्या खोलीत लहान चक्की आहे, सांगाल ते सांगाल तसं दळून देतात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "तोंडाला का अंगाला?" मी म्हटलं, पार्लरमध्ये फेशियलला पाहिजे. "मग वस्त्रगाळ घेऊ नका. त्याचा लेप होतो, घासलं तरी काय लागत नाही. आणि रवाळ घेतलासा तर ओरखडे उठतात. मधलं करून देतो." इतकी वर्षं मी माल घेतेय, पण स्क्रबचा कण केवढा असावा हे मला कुठल्याही सेल्समननं विचारलं नव्हतं. खरं तर स्क्रबमध्ये विचारण्यासारखी पहिली गोष्ट तीच आहे.

त्यांनी करून दिलेल्या मिश्रणात निम्म्याहून जास्त मसूर, त्याखालोखाल तांदूळ, मग वाळलेली संत्र्याची साल, नागरमोथा आणि चिमूटभर आंबेहळद. मसूर आणि तांदूळ ते एकत्र दळत नाहीत. तांदूळ कडक, त्याचा कण टोकदार राहतो, म्हणून तो जास्त बारीक काढतात. मसूर भिजला की कणाची धार जाते, म्हणून तो थोडा जाड ठेवला तरी चालतो. मग दोन्ही मैद्याच्या चाळणीतून काढून एकत्र करतात. चिमटीत धरून बघितलं तर पीठ नाही आणि रवाही नाही, त्याच्या मधलं काहीतरी.

वापरायची माझी पद्धत सांगते. कोरड्या त्वचेला साय किंवा दूध, तेलकट त्वचेला गुलाबपाणी, उन्हानं रापलेल्या हातापायांना दही. कालवून तीन-चार मिनिटं तसंच ठेवते. ही तीन-चार मिनिटं महत्त्वाची आहेत. लगेच लावलं तर टोचतं, जास्त ठेवलं तर चिकट होतं. मग बोटांच्या टोकांनी, दाब न देता, नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर जरा जास्त वेळ. स्टीम दिल्यानंतर केलं तर नाकावरचे ब्लॅकहेड काढायला सोपे जातात. घासता घासता कण मऊ होत जातो, त्यामुळे शिकाऊ मुलीचा हात जरा जड पडला तरी चेहरा सोलवटत नाही. पार्लर चालवणारीला हे फार उपयोगाचं आहे. अक्रोडाच्या टरफलाचे जे स्क्रब बाजारात येतात त्यांच्यात प्लास्टिक नसतं, ते चांगलंच, पण टरफलाचा कण शेवटपर्यंत तसाच कडक राहतो. ते मी टाचांना वापरते, चेहऱ्याला नाही.

धुतल्यावर त्वचा हाताला मऊ लागते, ताणल्यासारखी होत नाही. मसुराचं पीठ तेल ओढून घेतं, त्यामुळे तेलकट त्वचेला वेगळा फेसवॉश लावावा लागत नाही. चकाकी मात्र कंपनीच्या स्क्रबनं येते तेवढी लगेच दिसत नाही. त्यांच्यात सिलिकॉन असतं, ते त्वचेवर राहतं आणि चमकतं. माझ्या काही गिऱ्हाइकांना ती चमक पाहिजे असते. त्यांना मी स्क्रबनंतर एक थेंब खोबरेल लावून देते.

आता डबे का सोडले ते. घाऊक बाजारातून मी किलोचा डबा आणायचे, पांढऱ्या क्रीममध्ये निळे मणी असलेला. एकदा नवा डबा उघडताना त्यावर काय-काय घातलंय ते वाचायला गेले तर घटकांची यादीच नव्हती. नुसतं 'एक्स्फोलिएटिंग बीड्स' एवढंच. दुकानदाराला विचारलं हे बीड्स कशाचे, तर म्हणाला, सगळे हेच नेतात. मला राग आला. जी वस्तू मी दिवसभर बायकांच्या चेहऱ्यावर चोळते ती कशाची आहे एवढंही मला कळू नये?

म्हणून घरी तपासून बघितलं. कोणालाही करता येईल. चमचाभर स्क्रब ग्लासात घ्या, कोमट पाणी घालून ढवळा, म्हणजे क्रीम सुटतं. काळ्या रुमालातून गाळा, कण वर राहतात. ते कण स्वच्छ गार पाण्यात टाका. पॉलिएथिलीन, म्हणजे असल्या मण्यांचं नेहमीचं प्लास्टिक, पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. सिलिका आणि बियांच्या टरफलाची भुकटी भिजली की तळाला बसते. मग तेच कण उकळत्या पाण्यात टाका. साखर-मीठ असेल तर विरघळतं, जोजोबाच्या मेणाचे मणी असतील तर वितळतात. पॉलिएथिलीन वितळायला उकळत्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता लागते, ते तसंच राहतं. शेवटचं म्हणजे जुन्या स्टीलच्या चमच्यात मंद आचेवर धरा, खिडकी उघडी ठेवून. टरफल जळून काळं होतं, प्लास्टिक वितळून पातळ पापुद्रा बनतं. माझ्या डब्यातले निळे मणी तरंगले, उकळत्या पाण्यातही तसेच राहिले आणि चमच्यात त्यांचा पापुद्रा झाला. डबा त्याच दिवशी बाजूला ठेवला.

मणी कंपन्यांनी का घातले हे मला धंद्यातली म्हणून नीट कळतं. स्वस्त, सगळे एका मापाचे, गोल असल्यामुळे ओरखडा नाही, वास नाही, किडे नाहीत, वर्षानुवर्षं खराब होत नाहीत. आणि खराब होत नाहीत हीच पुढची सगळी अडचण आहे. हे मणी मिलिमीटरच्याही लहान, काही तर डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली बाजारातले स्क्रब गाळून मोजलं. एका वेळच्या वापरात ४,५९४ ते ९४,५०० मणी सुटू शकतात असा त्यांचा हिशेब निघाला. त्यांनी एक वापर म्हणजे ५ मिलिलिटर धरलं होतं. माझ्या फेशियलला लागतो तोही एवढाच, एक चमचा. लग्नसराईतल्या एका शनिवारी माझ्या बेसिनमधून किती जात असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि जातात कुठं? माझ्या बेसिनचं पाणी गटारात, गटाराचं बळ्ळारी नाल्यात. वडगाव-शहापूरच्या माणसाला हा नाला वेगळा सांगायला नको. दर पावसाळ्यात तो फुगतो आणि शहापूर शिवार, वडगाव शिवार, येळ्ळूर शिवारातल्या भातात पाणी शिरतं. रोपं कुजतात, दुबार लावणी करावी लागते, पेपरात फोटो येतात, निवेदनं दिली जातात. आमची स्वतःची थोडी जमीन त्याच पट्ट्यात आहे. पाणी ओसरलं की बांधावर आणि भाताच्या बुडख्यांना काय-काय अडकलेलं असतं ते आम्ही काढतो: पिशव्या, सॅशे, थर्माकोल. ते हातानं काढता येतं. मणी काढायचे कसे? सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असलं तरी तिथं पकडलेले मणी गाळात राहतात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात टाकला तर परत शेतातच. नाला पुढे मार्कंडेय नदीला, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला मिळते. वाटेत त्याच पाण्यावर शेती आहे, जनावरं आहेत, मासे आहेत. असल्या मण्यांना पाण्यातलं तेलकट विष चिकटतं आणि मासे ते अन्न समजून गिळतात.

भात निघालं की त्याच शिवारात आम्ही मसूर पेरतो. ओलीवर येणारा, लहान दाण्याचा. बेळगावच्या मसुराला कोल्हापूरकडूनही मागणी असते. मी रविवार पेठेत जाताना आता घरचाच मसूर घेऊन जाते आणि फक्त दळणावळीचे पैसे देते. मालकांनी पहिल्यांदा तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "हा तोंडाला लावायचा नव्हं, आमटी करायचा." मी म्हटलं, दोन्हीला पुरतो. ज्या मातीत हे पीक येतं तिथंच माझ्या बेसिनमधलं प्लास्टिक जाणार असेल तर ते मला चालणार नाही. याबाबतीत मी कोणाशी तडजोड करणार नाही.

बंदीचं म्हणाल तर बाहेर हे कधीच मार्गी लागलंय. अमेरिकेत २०१४ साली इलिनॉय राज्यानं सुरुवात केली, डिसेंबर २०१५ मध्ये देशभराचा कायदा झाला, आणि जुलै २०१७ पासून मणी घातलेली धुऊन टाकायची प्रसाधनं बनवणं बंद झालं, वर्षभरानं विकणं. ब्रिटन आणि न्यूझीलंडनं २०१८ मध्ये बंदी आणली. युरोपीय संघानं २०२३ मध्ये मुद्दाम घातलेल्या सगळ्याच सूक्ष्म प्लास्टिकवर नियम केला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनं २०१७ साली हे न कुजणारे मणी प्रसाधनात वापरायला असुरक्षित असलेल्या घटकांच्या यादीत घातले, ते २०२० पासून लागू झालं. आणि आपल्या कर्नाटकाची गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे: मार्च २०१६ मध्ये राज्यानं प्लास्टिकबंदीची जी अधिसूचना काढली, तिच्यात पिशव्या, फ्लेक्स, पताका, ताटं, कप यांच्या यादीच्या शेवटी सूक्ष्म प्लास्टिक मणी वापरलेल्या वस्तूंचाही उल्लेख आहे. महाराष्ट्राची मोठी प्लास्टिकबंदी आली ती २०१८ मध्ये. म्हणजे सीमेच्या या बाजूला आपण कागदावर दोन वर्षं पुढे होतो. पण बाजारात तपासायला येतात ते पिशव्या. भाजीवाल्याची पिशवी जप्त होते आणि किलोचा स्क्रबचा डबा शेजारच्या दुकानात उघड विकला जातो. नामांकित कंपन्यांनी बहुतेक ठिकाणी मणी काढलेत. राहिलेत ते पार्लरसाठी येणारे बिननावाचे मोठे डबे, ज्यांच्यावर धड पत्ता नसतो. महापालिकेनं पिशव्यांसारखीच एकदा या डब्यांची तपासणी करावी, एवढी माझी मागणी आहे.

तोपर्यंत लेबल वाचा. प्रसाधनावर घटकांची यादी पाहिजे, आणि जे जास्त ते आधी असा क्रम असतो. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन, पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट यांतलं काही स्क्रबच्या यादीत दिसलं तर डबा परत ठेवा. पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा नुसतं पीईजी लिहिलेलं असेल तर घाबरू नका, ते वेगळं आहे, पाण्यात विरघळतं. यादीच नसेल तर भाव विचारत बसू नका.

ग्लिटरचा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. नवरीच्या मेकअपला, नवरात्रात दांडियाच्या मुलींना चमकी लागतेच, आणि ती बहुतेक प्लास्टिकचीच असते. युरोपात सजावटीची सुटी प्लास्टिक चमकी ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे, मेकअपमधल्या चमकीला मात्र पुढची मुदत दिली आहे. इथं मी अभ्रकाची पावडर वापरून बघतेय, डोळ्यांवर चांगली दिसते, केसांवर टिकत नाही.

आता स्क्रबच्या उणिवा. पावसाळ्यात बेळगावची हवा कशी असते तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर पीठ आठवड्यात दमट होतं, गोळे होतात, पोरकिडे पडतात. त्या महिन्यांत मी पाव किलोपेक्षा जास्त दळून आणत नाही आणि काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवते. आंबेहळद गोऱ्या चेहऱ्यावर पिवळी दिसते, आणि पांढरे टॉवेल तर वायाच जातात. नवरीला लग्नाच्या आदल्या दिवशी लावायचं असेल तर हळद वगळून दळून घ्या. बेसिनमध्ये एकदम धुतलं तर पीठ खाली जाऊन पाईप तुंबतो, म्हणून आधी ओल्या कपड्यानं पुसून घेते आणि तो कपडा बादलीत खळबळून पाणी झाडांना घालते. पिकलेल्या पुटकुळ्यांवर हा स्क्रब लावू नका, खरं तर कुठलाच लावू नका. आणि डाळीची ॲलर्जी असलेल्यांनी आधी कोपराच्या आत लावून बघा.

खर्चाला परवडतं. मसूर त्यांचा घेतला तर पाव किलो दीडशेच्या आसपास पडतो, स्वतःचा नेला तर त्याच्या निम्म्यानं. कोरडं असल्यामुळे पाव किलो पुष्कळ पुरतं, कारण किलोच्या डब्यात वजन असतं ते बहुतेक पाण्याचं आणि क्रीमचं. माझा स्क्रबवरचा खर्च निम्म्यावर आलाय. वेळ मात्र वाढलाय, प्रत्येक गिऱ्हाइकाला ताजं कालवायचं असतं. ज्यांच्याकडे मदतीला माणूस नाही त्यांना गर्दीच्या दिवशी जड जाईल.

दुकानाबद्दल माझी खरी तक्रार एकच आहे. पुडा कागदात बांधून देतात, त्यावर काहीही लिहिलेलं नसतं. काय घातलं, किती घातलं, कधी दळलं, काहीच नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, मामा, डबेवाल्याकडे मी यादी मागते तर तुमच्याकडेही मागणारच. उद्या कोणाला नागरमोथा सोसला नाही तर ती बाई काय सांगेल डॉक्टरला? ते थोडा वेळ गप्प बसले, मग मुलाला हाक मारून शिक्का करून घ्यायला सांगितलं. मागच्या पुड्यावर तारीख आली आहे, निळ्या शाईत. घटकांची यादी अजून आलेली नाही. ती कानडीत आणि मराठीत दोन्हीत हवी असं मी लिहून दिलंय, आणि आंबेहळदीची ओळ वेगळी, म्हणजे नवऱ्या मुलींना वगळून मागता येईल.

दिवाळीच्या उटण्यासाठी जाणार असाल तर दसऱ्यानंतर लगेच ऑर्डर द्या. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात चक्कीपुढे रांग असते आणि तेव्हा ते मसूर आणि तांदूळ वेगवेगळे दळून देत नाहीत. घरून घट्ट झाकणाचा डबा न्या, आणि ते विचारायच्या आधी तुम्हीच सांगा: तोंडाला, मधलं.